मेलेल्या रोपांचा पंचनामा

शाळेच्या मागच्या मैदानात आम्ही पहिल्यांदा झाडं लावली, त्या दिवसाचे माझ्याकडे ६३ फोटो आहेत. त्यांतल्या एकाही फोटोत रोप धड दिसत नाही. पाहुणे दिसतात, मुलांचे कडक इस्त्रीचे गणवेश दिसतात, नवीकोरी झारी दिसते. १२० रोपं दीड तासात लावून झाली. खड्डे आदल्या दिवशीच खणून ठेवलेले होते. मुलांनी फक्त रोप हातात घ्यायचं, खड्ड्यात ठेवायचं, वर दोन मुठी माती टाकायची आणि मागच्याला जागा करून द्यायची. विज्ञान शिकवते म्हणून सगळी आखणी माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडायची सोय नाही.

वर्ष उलटलं. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर सातवीत गेलेली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, माझं झाड कुठलं?" मी तिला घेऊन मैदानात गेले. तिथे गवत होतं, काही सुकलेल्या काटक्या होत्या, आणि भिंतीच्या कडेला थोडी हिरवी पानं. तिचं झाड कुठलं हे मला सांगता येईना, कारण कुणी कुठलं रोप लावलं याची नोंदच आम्ही केली नव्हती. दोघींनी मिळून मोजलं. जिवंत रोपं १४ निघाली.

शाळेच्या अहवालात मात्र "१२० वृक्षांची लागवड" असं छापून झालं होतं. तेही माझ्याच अक्षरातून टाइप झालेलं.

पुन्हा नवीन रोपं मागवायची, असं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचं मत पडलं. ते करणं सोपंही होतं. पण त्या मुलीनं वर्गात जाऊन सांगितलं होतं की आपली सगळी झाडं मेली, आणि वर्ग माझ्याकडे जाब विचारावा तसा बघत होता. त्या तासाला मी प्रकाशसंश्लेषण शिकवणार होते. पुस्तक मिटलं आणि म्हटलं, चला, कशानं मेली ते शोधू. एका मुलाचे वडील पोलीस खात्यात आहेत. तो लगेच म्हणाला, "म्हणजे पंचनामा!" नाव तेच पडलं.

दोन-दोन जणांच्या जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला एक खुरपं आणि एक कागद. ४१ रोपांचा तर मागमूसही नव्हता. उरलेल्या ६५ जागा उकरल्या. तिसऱ्या की चौथ्या जोडीनं हाक मारली, "बाई, हे बघा काय!" खड्ड्यातून निघाली काळी प्लॅस्टिकची पिशवी, रोपवाटिकेतून आली तशीच, अखंड. आत मुळांनी जागा शोधत पिशवीच्या तळाशी गोल गोल फेऱ्या मारल्या होत्या, जिलबीसारख्या. बाहेरच्या मातीशी त्या रोपाची कधी गाठच पडली नव्हती. अशा पिशव्या एकूण २३ निघाल्या. पिशवी फाडून मग रोप लावायचं असतं, हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. "कुणी" म्हणजे मी. मला ते इतकं उघड वाटलं होतं की सांगायचं राहून गेलं.

बाकीची कारणं एकेक करून पुढे आली. कित्येक रोपं फार खोल गाडली होती. खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा जमिनीच्या पातळीला असावी लागते, ती चार बोटं मातीखाली गेली की साल ओली राहून कुजते. मैदानाच्या मधोमध लावलेली सगळी फुटबॉलनं झोपवली होती. काहींना आधाराच्या काठीशी नायलॉनच्या दोरीनं इतकं घट्ट आवळलं होतं की दोरी खोडात रुतून बसली होती. एका मुलानं कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं, "गळफास". मी ते खोडलं नाही. आणि सुट्टीत पाण्यावाचून गेलेली बरीच होती. त्यांच्यापुढे कुणीतरी "आम्ही" असं लिहिलं होतं.

त्याच सुमारास एका मुलानं परिपाठात वांगारी मथाई यांची माहिती वाचली. केनियात १९७७ मध्ये त्यांनी ग्रीन बेल्ट ही झाडं लावण्याची चळवळ सुरू केली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यानं पुढे सांगितलं की जर्मनीत २००७ मध्ये फेलिक्स फिंकबायनर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलानं वर्गात याच बाईंची गोष्ट सांगितली, प्रत्येक देशातल्या मुलांनी दहा लाख झाडं लावावीत असं सुचवलं आणि त्यातून मुलांची मोठी संघटना उभी राहिली. झालं, वर्गाला दहा लाखांचा आकडा चढला. मला मथाईंच्या कामातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रोपं वाढवणाऱ्या गावातल्या बायकांना तिथे थोडे पैसे मिळत, पण ते जगलेल्या रोपामागे. नुसतं लावलं म्हणून नाही. हे मी वर्गाला सांगितलं. क्षणभर शांतता झाली आणि मागून आवाज आला, "मग आपल्याला १४चेच मिळाले असते."

दुसऱ्या खेपेला आम्ही रोपं विकत आणली नाहीत, बियांपासून तयार केली. यात वेळ जातो आणि मुलांचा धीर सुटतो, पण इतकं शिकणं दुसऱ्या कशात नाही. करंजाच्या बिया रात्रभर पाण्यात भिजवून लावल्या, त्या सरळ उगवल्या. बहाव्याच्या बिया पंधरा दिवस झाले तरी ढिम्म. त्यांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. मग मुलांनी सँडपेपरवर एकेक बी घासली, कडेचा रंग बदलेपर्यंत. घासलेल्या उगवल्या, न घासलेल्या तशाच पडून राहिल्या. दोन्ही ओळी शेजारी शेजारी होत्या, त्यामुळे मला फळ्यावर काही लिहावं लागलं नाही. कडुलिंबानं मात्र फसवलं. एका मुलीनं मोठ्या हौसेनं डबाभर निंबोण्या गोळा करून, धुऊन, वाळवून तीन-चार महिने जपून ठेवल्या होत्या. एकही रुजली नाही. निंबोणीचा जीव काही आठवड्यांचाच, झाडाखाली पडल्या की लगेच लावायच्या असतात. ती रडवेली झाली. पुढच्या वर्षी तिनंच ताज्या निंबोण्या आणल्या आणि डब्यावर लिहिलं, "ठेवू नये".

खड्ड्यांच्या बाबतीत आमचे गुरू ठरले शिपाईमामा. पहिल्या वर्षी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. या वेळी मुलं त्यांच्यामागे गेली. मामा म्हणाले, आधी खड्डा पाण्यानं भरा आणि सकाळी या. सकाळी दोन खड्ड्यांत पाणी तसंच उभं होतं, म्हणजे तिथे मुळं गुदमरणार. ते दोन्ही बुजवले. वरची काळी माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला, आणि भरताना काळी आधी खाली, हेही त्यांचंच. खोडापासून हातभर अंतरावर गोल आळं, आणि आळ्यात पालापाचोळ्याचा चांगला जाड थर, पण खोडाला चिकटू न देता. तोवर शाळेतला पालापाचोळा दर शनिवारी कोपऱ्यात पेटवला जायचा. पहिल्याच महिन्यात तो जाळणं बंद झालं, कारण मुलं तो आळ्यांसाठी पळवायला लागली. हवामानासाठी म्हणून आम्ही केलेलं हे बहुधा पहिलं नीट काम, आणि ते ठरवून केलेलंही नव्हतं.

पाण्यावरून मामांचं आणि माझं वाजलं. मी रोज तांब्याभर पाण्याची पाळी लावली होती. मामा म्हणाले, "रोज जीभ ओली कराल तर मुळं वरच राहतील. चार दिवसांनी घाला, पण बादलीभर घाला." मामांचंच खरं होतं. पाणी खोल मुरलं की मुळंही त्याच्यामागे खोल जातात.

अशी ४० रोपं लावली. पाहुणे नाहीत, भाषण नाही. एका दिवसात दहाच, चार शनिवार लागले. प्रत्येक रोपाला नंबर आणि प्रत्येक नंबराला दोन पालक, एक सहावीतला, एक आठवीतला. आठवीतला शाळा सोडून गेला तरी सहावीतला उरावा, हा त्यातला हिशेब. आणि दर शुक्रवारी शेवटच्या तासाला हजेरी. एक जण वही घेऊन नंबर पुकारतो, पालक आपल्या रोपाजवळून ओरडतो, "हजर, नवी पानं चार", किंवा "हजर, मावा पडलाय", किंवा नुसतंच "हजर". पहिले काही शुक्रवार फार दंगा झाला. शेजारच्या वर्गाच्या सरांनी तक्रारही केली. नंतर सवय झाली.

पहिल्या उन्हाळ्यात १७ नंबरची सगळी पानं गळाली. काडी उभी. दोन शुक्रवार "गैरहजर" लागलं आणि मी वहीत फुली मारायला सांगितली. त्याचा आठवीतला पालक, अभ्यासात यथातथाच, मला म्हणाला, "बाई, नखानं बघू का?" त्यानं खोडाची साल नखभर खरवडली. वर तपकिरी. खाली उतरत गेला. जमिनीपासून वीतभर अंतरावर साल खरवडल्यावर आत ओली, पोपटी हिरवी रेघ दिसली. हे त्याला मामांनी दाखवलं होतं. मी फुली मागे घेतली. पाऊस पडल्यावर तिथूनच दोन फुटवे आले. मग तीन आठवडे सगळी शाळा दिसेल त्या झाडाची साल खरवडत सुटली. ते थांबवायला वेगळी सूचना काढावी लागली.

६ नंबर मात्र खरंच गेला. तो आमच्या सगळ्यात कामी आला.

मी वर्गाला विचारलं होतं, झाडाचं लाकूड कशातून बनतं? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, मातीतून. चारशे वर्षांपूर्वी लोकांनाही तसंच वाटे. व्हान हेल्माँट नावाच्या माणसानं २०० पौंड वाळलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं त्याला फक्त पाणी घातलं. शेवटी झाड भरलं १६९ पौंडांवर, आणि माती कमी झाली होती सुमारे दोन औंस. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. निम्मा चुकलाच, कारण हवेचा त्याला संशय आला नाही. मुलांना यात मजा आली ती एवढ्यासाठी की मोठा माणूस पाच वर्षं पाणी घालूनही चुकला.

६ नंबर आम्ही मुळासकट उपटला, माती धुतली, तुकडे केले आणि वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत वाळवला. भरला २४० ग्रॅम. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे १२० ग्रॅम. कार्बनचा एक अणू १२ वजनाचा, ऑक्सिजनचे दोन मिळून ३२, एकूण ४४. म्हणून १२ला ४४ या प्रमाणात गुणलं. रोपानं हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड आला ४४० ग्रॅम. वर्ग खूश. जवळजवळ अर्धा किलो वायूतला कार्बन आम्ही काटक्यांच्या रूपात टेबलावर ठेवला होता.

मग मीच पुढचं पाऊल टाकलं आणि फसले. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असं सांगितलं. म्हणजे एका लिटरला असली पाच रोपं पुरत नाहीत. एक मुलगी वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बाई, तुमची स्कूटर आठवड्याला किती पेट्रोल खाते?" साधारण दोन लिटर, मी खरं ते सांगितलं. शाळेचे आठवडे धरले ४०. गणित फळ्यावर सगळ्यांनी मिळून केलं: ८० लिटर, १८४ किलो, म्हणजे ६ नंबरसारखी ४१८ रोपं. दरवर्षी. एकट्या बाईंची.

वर्गात हसू फुटलं आणि लगेच विरलं. मागून प्रश्न आला, "मग आपण झाडं कशाला लावतोय?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, आणि गुळगुळीत उत्तर द्यायचं नाही एवढं तरी पंचनाम्यापासून ठरलं होतं. मी म्हटलं, रोप लहान आहे, झाड मोठं झालं की दरवर्षी याच्या कितीतरी पट घेईल. पण तोवर ते जगायला हवं, आणि स्कूटरचं गणित झाडाच्या गळ्यात बांधता येणार नाही. ते स्कूटरशीच सोडवावं लागेल. सावली, पाखरं, जमिनीत मुरणारं पाणी, हे झाड आजही देतं. हवेतला धूर कमी करणं हे वेगळं काम आहे. दोन्हीची वही वेगळी.

तशी दुसरी वही खरंच झाली. त्यात पहिली नोंद विजेच्या मीटरची. रोज शाळा सुटताना आणि सकाळी भरताना आकडा लिहायचा, बस. तिसऱ्या सोमवारी मुलं धावत आली. रविवारी शाळा बंद होती, तरी मीटर पळाला होता. शोध घेतला तर पाणी थंड करण्याचं यंत्र आणि संगणक कक्षातले मॉनिटर सुट्टीतही चालूच राहत होते. शनिवारी कळ बंद करायची जबाबदारी आठवीनं घेतली. दुसरी मोहीम फाटकाबाहेरच्या गाड्यांची. मुलांना न्यायला आलेल्या गाड्या इंजिन चालू ठेवून किती वेळ उभ्या राहतात, ते मुलांनी घड्याळ लावून मोजलं. पाट्या रंगवल्या, पालकांना विनंती केली. काहींनी ऐकलं. काहींनी काचा वर केल्या. एका मुलाच्या वहीत त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या गाडीची नोंद आहे, नऊ मिनिटं. मी आठवड्यातले तीन दिवस बसनं यायला लागले. उरलेले दिवस मला अजून ऐकून घ्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र मी चुकीची केली होती, तीही सांगते. सुरुवातीला मुलांना विषयाचं गांभीर्य कळावं म्हणून मी वर्गात पूर, वणवे, वितळणारा बर्फ असे व्हिडिओ दाखवत होते. पाचवीतल्या एका मुलाच्या आईनं भेटून सांगितलं की तो रात्री दचकून उठतो आणि विचारतो, आपलं घर किती उंचावर आहे. ते व्हिडिओ त्या दिवशी बंद केले. त्याऐवजी हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेचा आलेख भिंतीवर लावला. १९५८ मध्ये तिथे मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते, आता ४२०च्या वर गेलेत. आकडा बरा नाहीच. पण त्याच मुलानं आलेखाला नाक लावून पाहिलं आणि म्हणाला, "हे करवतीसारखं का आहे?" दरवर्षी रेघ वर जाते आणि थोडी खाली येते. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात झाडं पानं काढतात आणि हवेतला वायू ओढून घेतात, हिवाळ्याकडे पानं गळून कुजली की तो परत सुटतो. पृथ्वीवर अंदाजे तीन लाख कोटी झाडं आहेत, असं २०१५च्या एका जागतिक मोजणीत निघालं. त्यांची पानं फुटतात आणि गळतात ते त्या रेघेत दिसतं, हे त्याला कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त पटलं. त्याला हजेरीच्या वहीचा प्रमुख केलं. झोप लागते का, ते त्याच्या आईला मी मुद्दाम विचारलं. लागते म्हणाली.

यंदा तिसरं वर्ष संपलं. ४० पैकी २७ आणि पहिल्या खेपेतली १२, अशी ३९ झाडं हजेरीला असतात. शाळेच्या अहवालात आता दोन रकाने आहेत, लावलेली आणि जगलेली. हे मुख्याध्यापकांना पटवायला दोन बैठका लागल्या, कारण दुसरा आकडा नेहमी लहान असतो आणि तो वाचायला कुणाला आवडत नाही. मेलेल्यांचे नंबर नव्या रोपांना द्यायचे का, यावर मुलांत मोठा वाद झाला. मतदान होऊन ठरलं, द्यायचे नाहीत.

सतरा नंबरचे दोन फुटवे आता माझ्या डोक्याच्या वर गेलेत. त्यांतला एक छाटावा असं मामांचं म्हणणं आहे, पालक तयार नाही. तो आता दहावीत आहे, महिन्याभरात जाईल. त्याची सहावीतली जोडीदारीण आता आठवीत आली आहे, आणि छाटायचं की नाही ते मीच ठरवेन, असं तिनं त्याला बजावलं आहे.

पुढच्या शुक्रवारी पहिल्यांदाच खोडांचा घेर मोजायचा आहे. तो जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजतात. कुणाच्या ती हनुवटीपर्यंत येते, कुणाच्या नाकापर्यंत, म्हणून तेवढ्या मापाची एक काठी कापून ठेवली आहे. मोजपट्टी मात्र सकाळपासून सापडत नाही. दोरी गुंडाळून मग फूटपट्टीवर धरायची, असं वहीच्या प्रमुखानं जाहीर केलं आहे. दोरी सुती आणा, नायलॉनची नको, हेही त्यानंच सांगितलं.